सवलत घ्या, पण हिशेब मांडून

"ताई, आज सातशे चाळीस रुपये वाचवले!"

दसरा होऊन चार दिवस झाले होते. माझी धाकटी जाऊ दोन्ही हातांत फुगलेल्या पिशव्या घेऊन दारात उभी होती. डोंबिवलीत आमची दोघींची घरे एकाच इमारतीत, मधे फक्त एक मजला. त्यामुळे तिच्याकडे काय आले आणि माझ्याकडे काय शिजले हे एकमेकींपासून लपत नाही. निदान तेव्हा तरी मला तसे वाटत होते.

सासूबाई ताटात तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "वाचवलेस ते कळले. दिलेस किती?"

बिल निघाले ४,६१५ रुपयांचे. बिलाच्या तळाशी ठळक अक्षरांत छापले होते, 'आज आपण ७४० रुपये वाचवले!' पिशव्यांतून फरशी पुसायच्या द्रवाच्या दोन बाटल्या निघाल्या, एकीवर एक मोफत. बारा पुड्यांचा नूडल्सचा गठ्ठा, त्यावर एक प्लॅस्टिकचा डबा. सॉसच्या दोन बाटल्या. साबणाच्या सहा वड्या. यादी करून गेली होती ती साखर, तूरडाळ आणि चहापत्तीसाठी. चहापत्ती आणायची राहूनच गेली होती.

मी पंचवीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्यामुळे बिल हातात आले की आकडेमोड आपोआप सुरू होते. पण त्या दिवशी मी काही बोलले नाही. नव्याने संसार मांडलेल्या बाईला हौस असते, आणि थोडी उधळपट्टी आपणही केलेलीच असते. बोलायला हवे होते, हे संक्रांतीला कळले. ते पुढे येईलच.

मूठभर कोथिंबीर

सवलत ही काही बड्या दुकानांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. भाजीवाली पावशेर भेंडी मोजून झाल्यावर दोन मिरच्या आणि कोथिंबिरीच्या चार काड्या पिशवीत टाकते, ती सवलतच. वाणी सामान बांधताना लहान मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवी, तेही गिऱ्हाईक टिकवण्यासाठीच. बोहारीण जुन्या लुगड्यांवर स्टीलचे पातेले देई. मात्र तिच्याशी अर्धा तास घासाघीस केल्याशिवाय ते पातेले कधी घरात आले नाही. दोन्ही बाजू आपापला हिशेब जाणून असत.

खरेदीच्या प्रमाणात गिऱ्हाइकाला काही परत द्यायचे, या कल्पनेला मोठा इतिहास आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात १८४४ मध्ये काही कामगारांनी एकत्र येऊन सहकारी दुकान काढले. पीठ, लोणी, साखर असे रोजचे सामान तिथे मिळे आणि नफा झाला की ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात त्याला तो वाटून मिळे. आज दुकाने कार्डावर जे 'गुण' देतात, त्यांचे हे थोर पूर्वज म्हणायला हरकत नाही. फरक एवढाच, की रॉचडेलला दुकान गिऱ्हाइकांच्याच मालकीचे होते. आपल्याकडे मुंबईच्या नायगावात १९४८ मध्ये सुरू झालेल्या 'अपना बाजार'नेही हाच सहकाराचा मार्ग धरला, आणि गिरणगावातल्या कितीतरी घरांचे वाणसामान तिथून आले.

छापील किंमत ही कमाल किंमत

पाकिटावरच्या किमतीपासून सुरुवात करू. 'सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत' छापण्याची सक्ती १९९० मध्ये आली. तोवर 'स्थानिक कर वेगळे' असे लिहून दुकानदाराला हवे ते मागता येत असे. नियम आला आणि ती पळवाट बंद झाली. पण त्याबरोबर एक गैरसमजही रुजला. छापलेली किंमत म्हणजे वस्तूची खरी किंमत, असे आपण धरून चालतो. ती फक्त कमाल मर्यादा आहे. तिच्यावर एक पैसाही घेता येत नाही, खाली मात्र कितीही उतरता येते. म्हणून 'छापील किमतीपेक्षा वीस रुपये कमी' हे वाचून हुरळून जाण्याआधी शेजारच्या दुकानात ती वस्तू कितीला मिळते हे पाहावे. तिथेही अठरा रुपये कमीच असतील, तर तुमची सवलत दोन रुपयांची.

राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट काढले. त्यांनी गुणांच्या आणि कूपनांच्या भानगडीत न पडता छापील किमतीपेक्षा रोजच कमी दर, हे सूत्र धरले. जागा शक्यतो स्वतःची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, त्यामुळे माल स्वस्तात हाती येतो आणि त्यातला वाटा गिऱ्हाइकाला देता येतो. सवलत खरी असली की तिच्यामागे असे काहीतरी कारण दाखवता येते. हंगाम संपला, माल जुना होत आला, ठोक खरेदी झाली. कारणच दिसत नसेल तर किंमत आधी चढवून मग उतरवली असण्याचा संभव मोठा.

अलीकडचे एक कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, शांपू, टूथपेस्ट, केसांचे तेल आणि बिस्किटे यांवरचा वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. लोणी आणि तूप १२ वरून ५ वर आले. तेव्हा या वस्तूंवर कोणी 'खास आमच्याकडून सवलत' म्हणू लागला, तर त्यातला सरकारचा वाटा किती आणि त्याचा किती, हे विचारून पाहायला हरकत नाही.

टक्क्यांची गंमत

शाळेत मी मुलांना नेहमी हेच गणित घालत असे आणि निम्मा वर्ग चुकत असे. शंभर रुपयांच्या कापडावर आधी ५० टक्के सूट, मग 'त्यावर आणखी २० टक्के'. एकूण सूट किती? सगळे ओरडत, "सत्तर!" पण शंभराचे आधी पन्नास झाले, आणि पुढचे वीस टक्के त्या पन्नासावर, म्हणजे दहा रुपये. दिले चाळीस. सूट झाली साठ टक्के.

तसेच 'दोनवर एक मोफत'. ऐकताना पन्नास टक्के वाटते. असते तेहतीस आणि एक तृतीयांश, कारण तीन वस्तूंसाठी आपण दोनचे पैसे देतो. 'तीनवर एक' म्हणजे पाव. 'त्याच किमतीत २० टक्के जादा' ही वीस टक्क्यांची सूट नव्हे. ती जेमतेम सतरा टक्क्यांची, कारण १२० ग्रॅमसाठी १०० ग्रॅमचे पैसे. आणि 'साठ टक्क्यांपर्यंत' या पाटीतला 'पर्यंत' हा शब्द नेहमीच इतक्या बारीक अक्षरांत का असतो, हे पाटी रंगवणाऱ्यालाच विचारायला हवे.

हे सगळे तेव्हाच, जेव्हा तीनही वस्तू आपल्याला लागणार असतील. आमच्या जाऊबाईंच्या सॉसच्या दोन बाटल्यांपैकी दुसरी मुदत उलटून कचऱ्यात गेली. एकावर एक देताना दुकानात मुदत जवळ आलेला माल पुढे मांडतात, हे स्वाभाविक आहे. साबणाचे काही बिघडत नाही. दही, पाव, सॉस, मसाले यांची तारीख मात्र उलटून पाहिल्याशिवाय ते टोपलीत टाकू नयेत.

मोठा पुडा नेहमी स्वस्तच?

पूर्वी बिस्किटे, चहा, तेल, मीठ, धुण्याची पावडर अशा वस्तूंचे पुडे ठरावीक वजनांचेच करावे लागत. २०२१ च्या नोव्हेंबरात सरकारने नियमांत बदल करून ती सक्ती उठवली. म्हणूनच आता किलोचा वाटणारा पुडा हातात घेतल्यावर नऊशे ग्रॅमचा निघतो. मात्र त्याच बदलात ग्राहकासाठी एक चांगली तरतूद आली. पाकिटावर एकूण किमतीबरोबर एककाची किंमतही छापावी लागते. माल किलोहून कमी असेल तर एका ग्रॅमची, जास्त असेल तर एका किलोची. पातळ पदार्थांना मिलिलिटर आणि लिटर.

ही बारीक अक्षरातली ओळ पाकिटावर शोधायला शिका. चष्मा लागत असेल तर तो घेऊन जा, मी नेते. चहापत्तीचा पाव किलोचा पुडा १४० रुपयांना आणि किलोचा ५८० रुपयांना असेल, तर चार छोटे पुडे वीस रुपयांनी स्वस्त पडतात. हा प्रकार दुर्मीळ नाही. शांपूच्या छोट्या पुड्या बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, हे तर पुष्कळ बायकांना ठाऊक आहे.

तेलाच्या बाबतीत आणखी एक खुबी. एक लिटर खाद्यतेलाचे वजन एक किलो भरत नाही, ते साधारण ९१० ग्रॅम असते. समजा, लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि किलोची १६० रुपयांना आहे. हात आपोआप लिटरच्या पिशवीकडे जातो. पण त्या दराने किलोला जवळजवळ १६५ रुपये पडले. पाच रुपये काय मोठे, असे वाटेल. महिन्याला चार किलो तेल लागणाऱ्या घरात वर्षाचे २४० रुपये झाले, आणि त्यासाठी कोणत्याही कार्डाची किंवा कूपनाची गरज पडली नाही.

संक्रांतीची संध्याकाळ

आता राहिलेली गोष्ट. संक्रांतीच्या दिवशी हळदीकुंकवाची गडबड आटोपल्यावर जाऊ स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली. हातात एक घडी घातलेला कागद. म्हणाली, "ताई, ह्यांना एवढ्यात सांगू नका." आणि रडायलाच लागली.

तो कागद तिच्या क्रेडिट कार्डाचे मासिक पत्रक होता. थकबाकी चाळीस हजार रुपये.

गणपतीच्या आधी तिने ते कार्ड घेतले होते. पाच हजारांच्या वर खरेदी केली की जादा गुण, गुण साठले की भेटवस्तू. म्हणून बिल चार हजार सहाशेचे झाले की ती आणखी चारशेचे काहीतरी टोपलीत टाकी. महिन्याअखेर पत्रकावर दोन आकडे येत. एक पूर्ण रकमेचा, दुसरा 'किमान देय रकमे'चा. किमान रक्कम भरली की कोणी काही बोलत नाही, एवढेच तिला कळले होते. बाकीच्या रकमेवर काय चालू असते हे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि कागदाच्या मागचा मजकूर वाचण्याची सवय आपल्यापैकी कितीजणींना असते?

आम्ही दोघी दार लावून बसलो. कार्डाचे व्याज महिन्याला साडेतीन टक्के होते. ऐकायला किरकोळ, वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. चाळीस हजारांवर महिन्याचे व्याज १,४०० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के कर, म्हणजे २५२. एकूण १,६५२ रुपये, एका महिन्याचे. शिवाय थकबाकी राहिली की नव्या खरेदीवर बिनव्याजी मुदतही मिळत नाही. आज घेतलेल्या डाळीवरही आजपासून व्याज चढते. एकदा भरणा उशिरा झाला, त्याचा दंड निराळा. गणपतीपासून संक्रांतीपर्यंत व्याज, कर आणि दंड मिळून सात हजारांच्या वर रक्कम गेली होती.

"आणि गुण किती जमले?" मी विचारले.

सहाशे वीस. शंभर रुपयांना एक गुण, एका गुणाची किंमत पंचवीस पैसे. झाले एकशे पंचावन्न रुपये.

ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे शंभर रुपयांना पाव रुपया!" गुण या शब्दाचा हा उपयोग तिला आता समजला. दुकानाचे असोत की कार्डाचे, गुणांना पैशांत मांडल्याशिवाय त्यांची किंमत कळत नाही. हजार, दोन हजार असे मोठे आकडे सांगितले जातात ते त्यासाठीच. त्यांना मुदतही असते, आणि अमुक इतके जमल्याशिवाय ते वापरता येत नाहीत. वापरायला गेलो की पुन्हा काहीतरी विकत घेणे आले.

कार्ड वाईट असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. माझ्याकडेही आहे. दर महिन्याला पूर्ण रक्कम मुदतीत भरणाऱ्याला ते महिनाभर बिनव्याजी पैसे वापरू देते आणि वर थोडे परतही देते. पण हे परत दिलेले पैसे काही अंशी तरी थकबाकीदारांच्या व्याजातून येतात, आणि आपण नेमके कोणत्या बाजूला आहोत हे ज्याचे त्याने ओळखायचे. 'बिनव्याजी हप्ते' हाही असाच प्रकार. शून्य टक्के व्याज असे काही नसते, कार्डावरच्या अशा योजनांत ते बरेचदा प्रक्रिया शुल्काच्या नावाखाली लपवलेले असते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

मी सांगितले नाही, पण जाऊने आठवड्याभरात नवऱ्याला सगळे सांगितले. दीर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. मग भिशीचे पैसे आले ते सगळे तिकडे वळवले आणि उरलेले आम्ही घातले. उन्हाळ्यात माहेरी सगळ्यांनी मिळून जायचे ठरले होते, ते मात्र राहिले.

वही आणि बेगमी

त्यानंतर आमच्या दोन घरांत मिळून एक वही आली. साधी दोनशे पानी. डाव्या पानावर वीस-पंचवीस नेहमीच्या वस्तू, आणि प्रत्येकीसमोर किलोचा किंवा लिटरचा दर. वाण्याकडे, मोठ्या दुकानात, मोबाइलवरून मागवल्यास. दोन महिन्यांतच कळले की कोणतेही एक दुकान सगळ्यात स्वस्त नसते. डाळी आणि तांदूळ आमच्या वाण्याकडे, साबण-पावडर मोठ्या दुकानात, असे आपोआप ठरत गेले. वाणी महिन्याचे सामान एकदम घेतले तर दर उतरवतो हेही तेव्हाच कळले. इतकी वर्षे कोणी विचारलेच नव्हते.

मोबाइलवरच्या खरेदीत 'फक्त दहा मिनिटे उरली' किंवा 'शेवटचे दोन नग' अशी खोटी घाई लावणे आणि न विचारता टोपलीत एखादी वस्तू किंवा देणगी सरकवणे, या दोन्हींना केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये बंदी घातली आहे. तरी पैसे भरण्याआधी टोपली एकदा मोजून घ्यावी. आणि 'तुम्हाला कॅशबॅक लागला आहे, पिन टाका' असा निरोप आला तर सरळ बंद करावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. तो फक्त द्यायला लागतो.

सवलत हवी तर मोबाइल क्रमांक द्या, असे काउंटरवर सांगतात. बिलासाठी क्रमांकाची सक्ती करू नये, असे ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्ये दुकानदारांना कळवले आहे. द्यायचा की नाही ते आपण ठरवावे. मी देत नाही. जाऊ अजून देते.

मोफत म्हणून जाहीर केलेली भेट दिली नाही, किंवा तिची किंमत मालातच चढवली, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पक्के बिल न देणेही त्यातच आले. 'सवलतीचा माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही. बिलावर मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिल मात्र जपून ठेवलेले हवे.

सर्वांत मोठी सवलत आमच्याकडे सासूबाईंच्या सांगण्यावरून आली, आणि ती कुठल्याच कार्डावर नव्हती. उन्हाळ्यात नवे धान्य बाजारात येते तेव्हा वर्षाचे गहू आणि मिरची-हळद घेऊन ठेवायची, ही आपल्याकडची जुनी रीत. जागा नाही म्हणून आम्ही ती सोडली होती. या वेळी इमारतीतल्या सात घरांनी मिळून गहू घेतले, ऊन दिले, एरंडेलाचा हात लावून डब्यांत भरले. एका घराला पन्नास किलोची जागा काढणे जड जाते, वीस किलोची निघते.

एकत्र खरेदीचा हा विचार मुंबई-ठाण्याला नवा नाही. १९७५ च्या गुढीपाडव्याला बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिच्या पद्धतीत दुकान नाही, पाटी नाही, मोफत चमचा नाही. शेजारपाजारची काही कुटुंबे एकत्र येऊन संघ करतात, महिन्याच्या याद्या आधी देतात, पंचायत ठोक भावाने पारखून माल घेते आणि तो संघापर्यंत पोचतो. वाटप सभासदांनी आपसांत करायचे. हजारो कुटुंबांनी या मार्गाने वर्षानुवर्षे वाणसामान भरले आहे. यादी आधी द्यायची असल्यामुळे हात ऐन वेळी सॉसच्या बाटलीकडे वळत नाही, हा त्यातला खरा फायदा मला वाटतो.

कार्डाची शेवटची थकबाकी फिटली तेव्हा जाऊने ते बंद करायला सांगितले. बंद करण्याआधी शिल्लक गुण वापरून घ्या, असे तिकडून सांगण्यात आले. एकशे पंचावन्न रुपयांत काय येईल, यावर दोघींची दुपारभर चर्चा झाली. शेवटी सासूबाई ताटावरून म्हणाल्या, "अगं, चहापत्ती आण. तेव्हापासून राहिली आहे."